सही कुणाची, जबाबदारी कुणाची?

"एवढं मोठं विमान, उडायच्या आधी कुणी बघत नसेल का हो?" २०२५ च्या १२ जूनला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस मुखेडच्या बाजारात, बँकेच्या रांगेत, एस.टी.च्या बाकावर बायकांच्या तोंडी हाच प्रश्न होता. विमानात २४२ माणसं होती, त्यातला एकच वाचला. खाली मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर विमान कोसळलं, तिथली १९ गेली. एकूण २६० जीव. विमानातल्या कर्मचाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातल्या मुली होत्या. साध्या घरांतल्या, शिकून, मुलाखती देऊन आकाशात पोचलेल्या. त्यांच्या आयांचे चेहरे टीव्हीवर बघवत नव्हते.

मराठवाड्यात विमान अपघात म्हटलं की जुन्या माणसांना २६ एप्रिल १९९३ आठवतो. तेव्हाच्या औरंगाबादला, चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून उठलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला घासलं आणि पुढे जाऊन पडलं. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यात दोष निघाला वैमानिकांचा, आणि विमान उडताना रस्त्यावरची वाहतूक न थांबवणाऱ्यांचा. विमान बिघडलेलं नव्हतं. म्हणजे प्रत्येक अपघात देखभालीचाच असतो असं नाही, हे आधीच सांगून ठेवते. अहमदाबादच्या अपघाताबद्दलही तसं कुणी ठरवलेलं नाही, त्याकडे पुढे येऊच.

पण बायकांनी विचारलेला प्रश्न अगदी बरोबर आहे. कुणी बघतं का? बघतं. आणि बघणाऱ्याला बघितल्याची सही करावी लागते. आज त्या सहीबद्दल लिहायचं आहे. कारण ती सही समजली की गेल्या वर्षा-दोन वर्षांतल्या विमानांच्या निम्म्या बातम्या समजतात. आणि खरं सांगू, आपल्या गावातल्याही बऱ्याच गोष्टी समजतात.

मैत्रिणींनो, विमान उतरलं की दर वेळी त्याभोवती एक चक्कर मारून वरवरची पाहणी होते. टायर, गळती, कुठे खरचटलंय का, पक्षी लागलाय का. काही दिवसांनी थोडी खोल तपासणी, आणि दीड-दोन वर्षांनी विमान हॅंगरमध्ये नेऊन फरशी-खुर्च्या काढून आतला सांगाडा तपासतात. आपण दिवाळीला माळ्यावरचं सगळं खाली काढतो ना, तसं. प्रत्येक विमानात एक वही असते, तिला टेक लॉग म्हणतात. वैमानिकाला काही खटकलं तर तो त्यात लिहितो. इंजिनिअर ते दुरुस्त करतो, काय केलं ते लिहितो, आणि खाली सही, परवान्याचा नंबर, तारीख, वेळ. त्या सहीचा अर्थ कायद्यानं ठरलेला आहे: हे काम ठरलेल्या पद्धतीनं पूर्ण झालं आहे आणि या कामापुरतं विमान उडायला सोडण्याजोगं आहे. ती सही नसेल तर विमान हलत नाही. मग ते कितीही कोटींचं असो आणि आत मंत्री बसलेला असो. वैमानिकही ती वही वाचून, स्वतःची सही करूनच विमान ताब्यात घेतो.

ही सही कुणीही करू शकत नाही. पाना फिरवणारे तंत्रज्ञ पुष्कळ असतात, पण सही करणारा परवानाधारक. परवाना देणारं सरकारी खातं म्हणजे डीजीसीए, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. परवान्यातही वाटण्या आहेत. इंजिन आणि सांगाड्याचा वेगळा, वीज आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा वेगळा, हॅंगरमधल्या मोठ्या तपासणीनंतर अख्खं विमान बाहेर सोडणाऱ्याचा आणखी वेगळा. त्यातही ज्या जातीच्या विमानाचं शिक्षण झालंय त्याच विमानावर सही चालते. आपल्या डेपोतला मेकॅनिक लालपरीही बघतो आणि सुमोही बघतो, तसं इथं नाही. आणि महत्त्वाची गोष्ट: परवाना माणसाच्या नावावर असतो, कंपनीच्या नाही. चूक निघाली तर डीजीसीए कंपनीला दंड करेलच, पण त्या माणसाचा परवानाही काढून घेऊ शकते. म्हणून सही करताना हात थांबतो. निदान थांबावा अशी व्यवस्था आहे.

मग विमानात एकही बिघाड असला तर ते उडत नाही का? उडतं. हे ऐकून पुष्कळ जणी दचकतात. कुठला बिघाड असताना किती दिवस उडता येईल याची यादी आधीच करून ठेवलेली असते. त्यात काहींना तीन दिवसांची मुदत, काहींना दहा, काहींना १२० दिवसांची. वाचायचा दिवा बंद असेल तर कुणाचं काही बिघडत नाही. पण यादीतली गोष्ट पुढे ढकलायलाही सही लागते, आणि मुदत संपली की विमान थांबतं. आपल्या घरातला गळका नळ "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत तीन वर्षं गळतो, कारण त्या "बघू"वर कुणाची सही नसते.

आता एक खरी गोष्ट सांगते. ही गोष्ट विमान दुरुस्तीच्या शाळेत जगभर शिकवतात.

१९९० चा जून महिना, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकासमोरची काच बदलायची होती. रात्रपाळी, माणसं कमी. पाळीचा मुख्य होता त्यानं काम स्वतःच घेतलं. काच ९० बोल्टांनी बसते. काढलेले जुने बोल्ट झिजले होते, म्हणून तो नवे आणायला स्टोअरमध्ये गेला. तिथल्या माणसानं सांगितलं, या काचेला अमुक नंबरचे बोल्ट लागतात. पण यानं पुस्तक उघडलं नाही. जुना बोल्ट हातात धरला आणि डब्यातल्या नव्या बोल्टांशी डोळ्यांनी जुळवून पाहिला. आपण मॅचिंगचं बटण घ्यायला जुना ब्लाउज घेऊन दुकानात जातो, तसं. जवळचं वाचायला त्याला चष्मा लागायचा, तो त्यानं लावला नव्हता. पहाटेचे तीन-साडेतीन वाजलेले, उजेड मंद. घेतलेल्या बोल्टांतले ८४ बोल्ट एक नंबर बारीक होते. जाडीतला फरक पाऊण मिलिमीटरही नाही. काच बसली, बोल्ट फिरले, त्यानं सही केली.

१० जूनला सकाळी तेच विमान ८७ माणसं घेऊन उडालं. तेरा मिनिटांनी, १७ हजार फुटांवर, ती काच निखळून गेली. हवेच्या झोतानं मुख्य वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. त्याचे पाय आत अडकले म्हणून तो राहिला. चहा-नाश्ता वाटणारा कर्मचारी धावत आला, त्यानं वैमानिकाला घट्ट धरून ठेवलं. हात गारठले तेव्हा दुसऱ्यांनी धरलं. वीसेक मिनिटं हे चाललं. सहवैमानिकानं एकट्यानं विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले. तो वैमानिकही वाचला, आणि बरा होऊन पुन्हा विमान चालवायला लागला.

चौकशीत काय निघालं ते ऐका. तो इंजिनिअर कामचुकार नव्हता. अनुभवी होता, मन लावून काम करणारा होता. त्याच्या हातून निसटलं आणि पकडायला मागे दुसरं कुणी नव्हतं. कारण ज्या कामांची दुसऱ्या माणसानं पुन्हा तपासणी करायची, त्या यादीत काच नव्हतीच. करणाराही तोच, बघणाराही तोच, सही करणाराही तोच. आणखी एक. काढलेले जुने बोल्टसुद्धा चुकीच्याच नंबरचे होते, चार वर्षं कसेबसे टिकले होते. त्यानं चुकीशी चूक जुळवली.

म्हणून विमानात नाजूक कामांना दोन सह्यांचा नियम आहे. शेपटीचे, पंखांचे हलणारे भाग, इंजिनाचे ताबे, अशा कामांत एकानं करायचं आणि दुसऱ्या परवानाधारकानं वेगळं येऊन तपासायचं. "त्यानं केलंय म्हणजे नीटच असेल" असं म्हणायला दुसऱ्याला परवानगी नाही. दोन इंजिनांवरचं एकसारखं नाजूक काम एकाच माणसानं लागोपाठ करू नये, असाही दंडक आहे. त्याची एक चूक दोन्हीकडे जाईल. काम संपल्यावर हत्यारं मोजतात. पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच असते, एक खाच रिकामी दिसली की पाना सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. बोल्ट किती जोरानं आवळायचा हेही पुस्तकात लिहिलेलं असतं. तो जोर मोजणारा पानासुद्धा ठरावीक काळानं तपासून आणायचा, किराणा दुकानाच्या तराजूवर वजनमापवाले शिक्का मारतात तसा.

हे सगळं असूनही अपघात होतात, कारण सही करणारा माणूस एकटा नसतो. त्याच्या मागे वेळापत्रक उभं असतं.

अमेरिकेतली अलास्का एअरलाइन्स. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या एका विमानाच्या मोठ्या तपासणीत शेपटीतला एक भला मोठा स्क्रू झिजलेला आढळला. या स्क्रूवर विमानाचं नाक वर-खाली होतं. झीज मोजली तर ती चालवून घेण्याच्या शेवटच्या आकड्यावर होती, सुमारे एक मिलिमीटर. तपासणाऱ्या मेकॅनिकनं लिहिलं: बदला. नवा भाग स्टोअरमध्ये नव्हता. तीन दिवसांनी दुसऱ्या पाळीनं पुन्हा मोजलं, या वेळी आकडा थोडा कमी आला. पुन्हा पुन्हा मोजलं, कमीच आला. "बदला" खोडलं गेलं आणि विमान उडायला सुटलं. पुढे त्या स्क्रूला ग्रीस देण्याचं अंतरही कंपनीनं लांबवत नेलं होतं, आणि सरकारी खात्यानं ते मान्य केलं होतं. ३१ जानेवारी २००० ला ते विमान कॅलिफोर्नियाच्या समुद्रात पडलं. ८८ माणसं गेली. तपासात स्क्रूच्या कामाच्या भागावर ग्रीस जवळजवळ नव्हतंच.

शिलाई मशिनीत तेल घालायला विसरलं की ती कुरकुरते, सांगते तरी. हा स्क्रू शेपटीत, डोळ्याआड.

"बदला" लिहिणारा मेकॅनिक बरोबर होता. त्याच्यानंतर मोजणाऱ्यांनी आकडा खोटा लिहिला असंही सिद्ध झालं नाही. पण एका पाळीनं थांबवलेलं विमान दुसरी पाळी सोडू शकते, आणि सोडलं की वेळापत्रक सांभाळलं जातं, यात सगळं आलं.

अगदी अलीकडचं उदाहरण २०२४ च्या ५ जानेवारीचं, त्याच कंपनीच्या नव्याकोऱ्या विमानाचं. सोळा हजार फुटांवर भिंतीतला दरवाज्याएवढा तुकडा उडून गेला. १७७ माणसं, नशिबानं सगळी वाचली. तो तुकडा चार बोल्टांनी अडकवलेला असायला हवा होता, आणि ते चारही नव्हते. बोईंगच्या कारखान्यात बाजूची दुरुस्ती करायला तो भाग काढला होता, पण काढल्याची नोंदच कुणी केली नव्हती. काढल्याची नोंद नाही, म्हणून परत बसवल्याची तपासणी नाही, म्हणून सहीचा प्रश्नच आला नाही. आपल्याकडं म्हणतात ना, लिहिलं नाही ते झालं नाही. इथं झालं होतं, आणि लिहिलं नव्हतं.

आता आपल्या देशाकडे येऊ. अहमदाबादनंतर बारा दिवसांनी, २४ जून २०२५ ला डीजीसीएनं एक पत्रक काढलं. दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर रात्री-पहाटे जाऊन केलेल्या तपासणीत काय दिसलं, ते त्यात होतं. एकच बिघाड त्याच विमानात पुन्हा पुन्हा येत होता, म्हणजे आधीची दुरुस्ती नीट नव्हती. काम करताना इंजिनिअर ठरलेली काळजी घेत नव्हते. काही ठिकाणी विमानाच्या यंत्रणेनं दाखवलेले बिघाड टेक लॉगमध्ये लिहिलेच नव्हते. खुर्चीखालची जीवरक्षक जाकिटं जागच्या जागी बांधलेली नव्हती. एक विमान तर टायर झिजले म्हणून रोखून धरलं. पत्रकात कंपन्यांची नावं नव्हती. मला विचाराल तर ती असायला हवी होती. आपण तिकीट काढतो ते नाव बघूनच ना?

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट बाहेर आली. एअर इंडिया एक्स्प्रेसच्या एका एअरबसच्या इंजिनातले काही भाग ठरलेल्या मुदतीत बदलायचे होते. युरोपच्या सुरक्षा संस्थेचा तसा सक्तीचा आदेश होता. ते वेळेत बदलले नाहीत, आणि बदलले असं दिसावं म्हणून नोंदींत फेरफार झाला, असं डीजीसीएनं २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीला लेखी कळवलं होतं. कंपनीनं चूक मान्य केली, दुरुस्ती केल्याचं सांगितलं. पुढे नोव्हेंबरमध्ये एअर इंडियाचं एक विमान वार्षिक उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राची मुदत संपलेली असताना दोन दिवसांत आठ फेऱ्या करून आलं. इथं कंपनीनं स्वतःच डीजीसीएला कळवलं, आणि संबंधितांना कामावरून बाजूला केलं. कुणाला इजा झाली नाही. पण आठ वेळा ते विमान कुणीतरी तपासून सोडलं, आठ वेळा वैमानिकानं ताब्यात घेतलं, आणि तारखेकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही! आपल्या स्कूटीच्या पीयूसीची तारीख चौकातला पोलीस बरोबर बघतो.

अहमदाबादचं काय? जुलै २०२५ मध्ये प्राथमिक अहवाल आला. विमान जमिनीवरून उठल्याबरोबर दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा चालू-बंद करणारे खटके सेकंदाभराच्या अंतरानं 'बंद'कडे गेले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, बंद का केलंस; दुसरा म्हणतो, मी नाही केलं. असं यंत्रावर नोंदलं गेलं. त्या अहवालानं कारण ठरवलं नाही. पण त्यात एक छोटी नोंद होती, तिच्यावर माझी नजर थांबली. अशा खटक्यांना एक अडसर असतो, खटका आधी वर उचलावा लागतो, मगच हलतो. दारावर लहान मुलांसाठी वरची कडी लावतो तसं. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्यानं सूचना काढली होती की बोईंगच्या काही विमानांत हा अडसर सुटलेला आढळलाय, तपासून घ्या. पण ती सूचना होती, सक्ती नव्हती. सक्ती नव्हती म्हणून एअर इंडियानं ती तपासणी केली नव्हती. अपघातानंतर, १४ जुलैला, डीजीसीएनं ती सक्तीची केली, आठवड्याची मुदत दिली. एअर इंडियानं आपली सगळी बोईंग तपासली, कुठेही दोष निघाला नाही.

म्हणजे त्या खटक्यामुळेच अपघात झाला असं म्हणायला आधार नाही. तरी प्रश्न उरतोच. विमानाच्या जगात सक्तीचे आदेश असतात आणि सल्ले असतात. आदेशाखाली सही लागते. सल्ल्याखाली लागत नाही, आणि न पाळण्याचा निर्णय कुणी घेतला याचं नावही कुठे येत नाही. माझं मत विचाराल तर सल्ला पाळू नका हवं तर, पण "पाळत नाही" याच्याखालीही एक सही असावी.

सही करणाऱ्यांच्या घराकडेही जरा बघू. हे काम बहुतेक रात्री चालतं, कारण दिवसा विमान कमावत असतं. पावसात, उन्हात, इंजिनाच्या आवाजात. २०२२ च्या जुलैमध्ये इंडिगोचे तंत्रज्ञ मोठ्या संख्येनं आजारपणाची रजा टाकून घरी बसले होते, कमी पगाराच्या निषेधासाठी. त्याआधी किंगफिशर आठवतं का? लाल साड्यांसारख्या लाल गणवेशांच्या मुली, मल्ल्यांची जाहिरात. २०१२ मध्ये त्या कंपनीच्या लोकांना मार्चपासून पगार नव्हता. सप्टेंबरच्या शेवटी इंजिनिअर उठले आणि म्हणाले, आम्ही सही करत नाही. वैमानिक पण त्यांच्याबरोबर आले. झालं, १ ऑक्टोबरपासून कंपनीचं एकही विमान उडेना. मालकाकडे विमानं होती, पेट्रोल उधारीवर मिळालं असतं, पण सही उधारीवर मिळत नव्हती. महिना संपायच्या आत डीजीसीएनं परवाना थांबवला. त्याच दिवसांत दिल्लीत त्या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या बायकोनं आत्महत्या केली. घरात कित्येक महिने पगार आला नव्हता. विजय मल्ल्या पुढे देश सोडून गेले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिचं नाव कुणाच्या लक्षात नाही.

पण त्या इंजिनिअरांच्या जवळ एक गोष्ट होती, नाही म्हणायची ताकद. परवाना त्यांच्या नावावर, सहीचा अर्थ कायद्यात लिहिलेला, आणि सही केली नाही म्हणून विमान जबरदस्तीनं उडवता येत नाही.

आता आपल्या सह्या आठवा बरं. बचत गटाची सचिव आहात? बँकेचा माणूस येतो, "ताई, इथं, इथं आणि इथं," म्हणत बोटानं जागा दाखवतो. वाचायला मागितलं तर "बँकेचा नेहमीचाच फॉर्म आहे हो." अंगणवाडीच्या ताई पोषण आहाराच्या रजिस्टरवर सह्या करतात. आरोग्य केंद्रात लसींच्या फ्रिजचं तापमान रोज दोनदा बघून लिहायचं असतं. कुणी सिस्टर खरंच बघून लिहिते, कुठे शनिवारी बसून आठवड्याचे आकडे एका दमात भरले जातात, सगळे सारखे, सगळे सुंदर. आणि महिला सरपंच! महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. किती ठिकाणी सही बाईची आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात, ते काय मी सांगायला पाहिजे? रस्ता पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र समोर येतं. रस्ता बघायला तिला कुणी नेलेलं नसतं. चौकशी लागली की नोटीस मात्र तिच्या नावानं येते. तेव्हा नवरा म्हणतो, "सही तुझी हाय की."

विमानाचा इंजिनिअर म्हणू शकतो, मी पाहिलं नाही, मी सही करत नाही. नियम त्याच्या बाजूनं उभा राहतो. आमची सरपंच तसं म्हणाली तर? घरात काय होईल, ग्रामसेवक काय म्हणेल, ठेकेदार काय म्हणेल? तिला नाही म्हणता यावं यासाठी कागदावर काय आहे? प्रशिक्षणं होतात, त्यात योजनांची नावं पाठ करून घेतात. सही नाकारायची कशी, नाकारल्याची नोंद कुठे करायची, हे एखाद्या प्रशिक्षणात शिकवलं असेल तर मला आनंदच आहे.

आणि हे काही लांबचं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लेंडीच्या पाण्यानं आपल्या तालुक्यातली हसनाळ, रावणगावसारखी गावं वेढली, माणसं गेली, म्हशी गेल्या. तेव्हा पुनर्वसन झालं होतं की नव्हतं यावर सरकारी कागद एक सांगायला लागले आणि चिखलात उभी माणसं दुसरंच. कागदावर "पूर्ण" लिहिणारा माणूस त्या गावात रात्री झोपायला येत नाही. पूर्वी कित्येक ठिकाणी मोठ्या दुरुस्तीनंतरच्या पहिल्या चाचणी उड्डाणात इंजिनिअरही विमानात बसायचा, असं जुने लोक सांगतात. ती पद्धत मला फार आवडते.

पुष्कळ आया विचारतात म्हणून थोडं या शिक्षणाबद्दल. मुलीला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित असेल तर ती एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंगकडे जाऊ शकते. या क्षेत्रात मुली आहेत, पण थोड्या. नुसती पदवी किंवा संस्थेचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. परवान्याची परीक्षा डीजीसीए घेते, एकेका विषयाला शंभरात ७५ लागतात, ७४ ला नापास. त्यावर प्रत्यक्ष विमानावर कामाचा अनुभव, मग एखाद्या जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण, मग कंपनीचा अधिकारपत्र. सही करायला किमान वय २१. परवाना मिळाल्यावरही दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष काम केलेलं नसेल तर सही चालत नाही. आपल्या राज्यात मुंबईला जुनी हॅंगरं आहेत, आणि नागपूरच्या मिहानमध्ये २०१५ पासून मोठ्या बोईंग विमानांची देखभाल होते.

नांदेड-लातूरच्या भिंतींवर "शंभर टक्के नोकरी" अशा जाहिराती दिसतात. फी भरायच्या आधी एवढंच करा. संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, कुठल्या परवान्याच्या अभ्यासक्रमाला आहे आणि ती कुठल्या तारखेपर्यंत आहे, हे डीजीसीएच्या स्वतःच्या यादीत मुलीला शोधायला लावा. संस्थेच्या चकचकीत पुस्तिकेत नको. गेल्या तीन वर्षांत त्यांच्याकडच्या किती मुलांना परवाना मिळाला तो आकडा विचारा. मग तो आकडा त्यांच्याच लेटरहेडवर, तारखेसकट, प्राचार्यांच्या सहीनं लिहून मागा.